आधी ही टूर्नामेंट होऊ दे

रविवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नसे. पाहुण्यांना वाटायचं, वसईत काय शांत, सुसंस्कृत माणसं राहतात! तसलं काही नव्हतं. माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये साटम सरांचं गोल्फ चालू असायचं. तिकडे युरोपात कुणी गोरा खड्ड्याजवळच्या चेंडूवर वाकला, की इकडे सर खुर्चीतूनच गरजायचे, "पट!" पट म्हणजे चेंडू हळूच खड्ड्यात ढकलायचा तो शेवटचा फटका. त्या वेळी खेळाडूचं चित्त विचलित होता कामा नये, असा नियम आहे. तो युरोपात आणि आम्ही वसईत, हा तपशील सरांना मान्य नव्हता.

मग कुकर गॅसवरून उतरायचे. टँकर आलेला असला तरी बायका बादल्या न आपटता रांगेत उभ्या राहायच्या. एकदा राजोडीची मारी मावशी मासळीची पाटी घेऊन जिना चढली आणि सवयीनं ओरडली, "ए मांदेलीऽऽ!" चार दारांतून चार बोटं एकदम ओठांवर गेली. मावशीनं घाबरून पाटी खाली ठेवली आणि मला हळूच विचारलं, "कुनी गेलं काय वरती?"

सर शाळेत पीटीचे मास्तर होते, आता निवृत्त. गोल्फचं मैदान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मूळचे मालवणकडचे, कबड्डीतले. तरुणपणी एका गिरणीच्या संघातून खेळायचे आणि म्हणे चांगले खेळायचे. एका चढाईत समोरच्याचं नख डाव्या डोळ्यात गेलं. डोळा गेला, खेळ गेला, शिल्लक राहिलं ते एक वाक्य: "डोळा गेला की खेळाडू गेला." हे वाक्य ते बारशालाही म्हणायचे.

चिंचोटीला कबड्डीच्या सामन्यांचं उद्घाटन होतं. सर प्रमुख पाहुणे. नारळ फोडला, हार घातला, आता दोन शब्द बोलतील म्हणून माइक दिला, तर सरांनी खिशातून नेलकटर काढला. दोन्ही संघांना मैदानात मांडी घालून बसवलं आणि एकेकाची नखं स्वतः कापली. कर्णधार म्हणाला, "सर, आम्ही कापून आलोय." सर म्हणाले, "दाखव." त्या दिवशी सामने सुरू व्हायला अंधार पडला, पण कुणाच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

घरात केबल आली आणि एका दुपारी चॅनेल बदलता बदलता सरांना तो गोरा सापडला. उंच, किडकिडीत, स्वीडनचा की कुठला. त्याच्या एका डोळ्याच्या पडद्यावर डाग आहे, असं त्यांना कुठूनसं कळलं आणि सर कायमचे त्याचे झाले. "आपल्यातला आहे," म्हणायचे. पोटच्या पोराची करावी तशी त्याची काळजी करायचे. "ऊन बघा, राणे. गॉगल का नाही घालत हा?" जसा काही मी त्याला दुकानातून आणून देणार होतो.

स्वतःच्या डोळ्याचं मात्र नाव नको. उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. सरांचं उत्तर ठरलेलं: "आधी ही टूर्नामेंट होऊ दे." गोल्फची सोय अशी, की तिथे दर आठवड्याला एक टूर्नामेंट असते. मी एकदा फारच मागे लागलो, तेव्हा थट्टा सोडून म्हणाले, "राणे, दोन असते तर एक लावला असता डावावर. हा बिघडला तर?"  दिवसेंदिवस ते टीव्हीजवळ सरकत गेले. शेवटी इतके जवळ बसायला लागले, की मागून बघणाऱ्याला गोल्फऐवजी सरांचं टक्कल दिसायचं.

आणि एके सकाळी मीच इंग्रजी पेपरात बातमी वाचली. चहाचा कप तसाच ठेवून शेजारी गेलो.

"सर, तुमच्या गोऱ्यानं डोळ्याचं ऑपरेशन केलं."

"कधी?"

"झालं म्हणे. बरा आहे."

"अहो, पण या आठवड्यात त्याची मोठी टूर्नामेंट होती!"

"सोडली."

सर खुर्चीतून उठले. मग आत वळून बायकोला म्हणाले, "गो, माझी पिशवी भर."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि सरांच्या घरच्या काकू बाहेरच्या बाकावर बसलो होतो. या बाईनं गोल्फची पहिल्या दिवसापासून टिंगल केलेली. "एवढी मोठी माणसं गवतात काठी घेऊन फिरतात, साप मारायला फिरल्यासारखी," हे त्यांचं मत. वेळ जावा म्हणून मी म्हणालो, "आता सरांना चेंडू नीट दिसेल."

"नीट कसला? दोन वर्षं झाली, त्यांना दिसतच नाही," काकू म्हणाल्या. "नुसतं हिरवं हिरवं दिसतं. मी बाजूला बसून कानात सांगते, आता मारला, आता झाडीत गेला, आता खड्ड्याजवळ आला. पण मलाही खालच्या पट्टीत सांगावं लागतं, कुणाला कळू नये म्हणून. तेवढ्यात कुकर वाजला की झालं, ह्यांना ऐकू येत नाही."

 काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बरं झालं, आता सुटले मी," त्या म्हणाल्या. पण सुटलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा नव्हता. आतून नर्स येऊन "व्यवस्थित झालं" म्हणाली, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग रडल्या.

पट्टी निघाली. सरांना दिसायला लागलं, इतकं की माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण त्यांनी जिन्यातून दाखवलं. पुढे एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. खुर्ची आता पार मागे भिंतीला लागली होती. काळा गॉगल लावून सर मजेत बसले होते. शेजारी काकू लसूण सोलत होत्या, मान खाली. पडद्यावर एक खेळाडू वाकला. चेंडू निघाला, गवतावरून वळण घेत गेला, आणि त्याच्याबरोबर सरांची मानही अगदी तेवढीच वळत गेली. खड्ड्याच्या काठावर चेंडू क्षणभर रेंगाळला आणि आत पडला. सरांच्या मिशीत हसू फुटलेलं मी स्वतः पाहिलं.

मग ते काकूंच्या बाजूला झुकले आणि अगदी हळू, मालवणीत विचारलं, "चेंडू गेलो काय गो?"

 काकूंनी लसूण बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "गेलो."