लाल दोऱ्याच्या दोन बाटल्या

"या वेळी बेबीताईचं तोंड बंद करून दाखवते, आणि तेही एक शब्द न बोलता," असं लॉन्ड्रीवाल्या वहिनींनी जाहीर केलं, तेव्हा ते ऐकायला शेजारची पार्लरवाली तेवढी हजर होती. ती टॉवेल धुवायला द्यायला आली होती आणि नेहमीप्रमाणे गप्पांना बसली होती.

बेबीताई म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात ती क्रीम-पावडरीच्या काउंटरवर असते. दिवसभर लोकांचे चेहरे न्याहाळायचा पगार मिळतो म्हटल्यावर सुट्टीतही ती सवय जात नाही. मागच्या खेपेला आली तेव्हा तिने वहिनींची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे फिरवला आणि चार माणसांत म्हणाली, "वहिनी, आता दादाच तुझ्यापेक्षा लहान दिसायला लागला गं." बोलली अगदी मायेने. मायेने बोललेलं जास्त लागतं, हे ज्यांना नणंद आहे त्यांना सांगायला नको. आणि दादा, म्हणजे लॉन्ड्रीचे मालक, वहिनींचे यजमान, त्यांनी बहिणीला गप्प करायचं सोडून हळूच आरशात डोकावून पाहिलं होतं. ते वहिनींनी मनात नीट घडी घालून ठेवलं होतं.

आता बेबीताई रविवारी पुन्हा येणार होती. वहिनींना दुसरं काही नको होतं. तिने आल्या आल्या थबकावं, बघावं आणि विचारावं, की वहिनी, काय लावतेस? बस्स.

"तांदळाचं पाणी लावा," पार्लरवाली म्हणाली. "मूठभर तांदूळ धुऊन भिजत घालायचे, पाणी गाळून दिवसभर झाकून ठेवायचं. जरा आंबट वास आला की त्यात गुलाबपाणी घालायचं आणि फ्रिजमध्ये. सकाळी कापसाने चेहऱ्याला लावा, वाळलं की धुवा. चेहरा कसा ताणल्यासारखा वाटेल."

"एवढंच?"

"एवढंच. पण यजमानांना सांगू नका. पुरुषमाणसं हसतात आणि मग आपला उत्साह जातो."

हा सल्ला वहिनींना अगदी पटला. त्याच दिवशी त्यांनी पाणी तयार केलं, सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि ती फ्रिजच्या खालच्या खणात, पालकाच्या जुडीखाली दडवली. दडवण्याआधी बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लॉन्ड्रीत लाल दोरा म्हणजे कडक खळीचा माल, वेगळा ठेवायचा, कुणी मिसळायचा नाही. लग्न झाल्यापासून त्या गठ्ठ्यांना दोरे बांधत आल्या होत्या. जपायची वस्तू दिसली की हात आपोआप लाल रिळाकडे जायचा.

आता त्याच सुमारास मालकांचंही एक गुपित चाललं होतं, ते सांगायला हवं.

मालकांकडे एका मोठ्या हॉटेलचे नॅपकिन धुवायला यायचे. हॉटेलात ते टेबलावर शंकूसारखे उभे करून ठेवत, त्यामुळे त्यांना सणसणीत खळ लागायची. मालक तांदूळ शिजवून, गाळून खळ स्वतः करायचे. विकतच्या स्टार्चचं नाव काढलं तरी त्यांना राग यायचा. पण उन्हाळा कडक होता, रात्रभर दुकानात ठेवलेली खळ सकाळी नासायची आणि दुकानात फ्रिज नव्हता. घरी होता. पण घरच्या फ्रिजमध्ये दुकानाची एकही वस्तू ठेवायची नाही, असा वहिनींचा कायदा होता. पूर्वी एकदा खळीची बाटली दूध समजून चहात पडली होती, आणि तो चहा प्यायलेले पाहुणे पुढे दोन वर्षं भेटतील तिथे विषय काढत होते.

म्हणून मालक दुकानातच खळ शिजवून सरबताच्या बाटलीत भरत, सवयीने गळ्याला लाल दोरा बांधत, पिशवीत लपवून घरी आणत आणि वहिनींचं लक्ष नाही असं पाहून फ्रिजच्या खालच्या खणात, पालकामागे, पार आत सारून देत. सकाळी लवकर उठून दिवा न लावता हात घालत आणि दोऱ्याची बाटली हाताला लागली की पिशवीत टाकून निघत.

हाताला आधी लागायची ती पुढची बाटली. म्हणजे वहिनींची.

मग थोड्या वेळाने वहिनी उठायच्या, खणात हात घालायच्या आणि मागे राहिलेली दोऱ्याची बाटली काढायच्या. सरकली वाटतं मागे, म्हणायच्या. ती संपली की संध्याकाळी ताज्या पाण्याची बाटली पुन्हा पालकाखाली ठेवायच्या. एकाच घरात, एकाच खणात, दोघंही एकमेकांपासून लपवत होते आणि रोज इमानेइतबारे एकमेकांचा माल वापरत होते.

पहिल्या दिवशी वहिनींना बाटलीतलं पाणी जरा घट्ट वाटलं. आंबलं की घट्ट होत असेल, असं त्यांनी ठरवलं. गुलाबाचा वास येत नव्हता, तो आत मुरला असेल, असंही ठरवलं. चेहऱ्याला लावलं, वाळू दिलं, धुतलं. त्यांची धुण्याची पद्धत पार्लरवालीने पाहिली असती तर तिने कपाळाला हात लावला असता. औषध सगळं धुऊन टाकलं तर उपयोग काय, या हिशेबाने त्यांनी ओल्या बोटांनी चेहरा नुसता पुसल्यासारखा केला. आणि खरोखर, गाल असे काही ताणले गेले, की आरशात पाहून त्या दोनदा मागे वळल्या.

"बाई गं, एका दिवसात!" त्या म्हणाल्या. म्हणताना ओठ जेमतेम हलले.

तिकडे दुकानात हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला.

"मालक, नॅपकिन उभे राहत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे बसतात. उभे केले की माना टाकतात. आणि वास येतोय."

"कसला?"

"गुलाबाचा. आणि थोडा आंबट. गिऱ्हाईक तोंड पुसायचं सोडून हुंगत बसलंय."

मालकांना वास कळणं शक्य नव्हतं. सोडा आणि ब्लीचच्या वाफेत त्यांचं नाक कधीच निकामी झालं होतं. बाटलीतली खळ पातळ झाली होती, त्याचाही दोष त्यांनी तांदळालाच दिला. संध्याकाळी दुसऱ्या जातीचा तांदूळ आणला, दुप्पट घातला आणि खळ इतकी दाट शिजवली की पळी उभी राहिली. ती बाटलीत कोंबली, दोरा बांधला, घरी आणली, पालकामागे सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना ती बाटली ठोकून ठोकून रिकामी करावी लागली. पण परिणाम दुप्पट झाला. कपाळावरच्या आठ्या गेल्या त्या गेल्याच. आता आठी घालायची म्हटली तरी जमेना, आणि हसायचं म्हटलं तरी तीच गत.

लॉन्ड्रीच्या काउंटरवर वहिनी अशा बसल्या की गिऱ्हाइकांची भाषाच बदलली. एक मास्तर सदऱ्याचं बटण हरवलं म्हणून भांडायला आले होते. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, घसा खाकरला आणि "एक बटण काय, शिवून घेतो मी घरी," म्हणून सदरा घेऊन गेले.

मालकांनीही पाहिलं. बायको बोलत नाही, हसत नाही, नजर सरळ समोर. हिला फ्रिजमधली बाटली सापडली, असं त्यांनी मनाशी धरलं. मग त्यांनी न सांगता चहा केला. दुपारी स्वतः ताटं घासली. संध्याकाळी विचारलं, "अगं, तुला काही आणू का बाहेरून?"

वहिनींनी नुसतं डोळ्यांनी 'नको' म्हटलं आणि मनात म्हणाल्या, बघा, काय फरक पडतो चेहऱ्याने! इतक्या वर्षांत यांना ताट कुठे घासतात ते माहीत नव्हतं.

शनिवारी मॅनेजरचा पुन्हा फोन आला. नॅपकिन अजून बसत होते, आणि आता जरा पिवळटही दिसत होते. पिवळट म्हटल्यावर कुठलाही लॉन्ड्रीवाला करतो तेच मालकांनी केलं. खळीत नीळ घातली. थोडी घातली, मग फोनवरचा आवाज आठवून आणखी घातली. त्यावर जुन्या काळचा उपाय म्हणून मेणबत्तीचा तुकडा किसून उकळत्या खळीत टाकला. मेणाने इस्त्रीनंतर कापडाला तकाकी येते आणि ते पाण्यालाही दाद देत नाही.

ही बाटली वहिनींच्या वाट्याला आली ती रविवारी सकाळी. आपली बाटली रोज मागे सरकते हे अंगवळणी पडल्यामुळे त्यांनी हात थेट पालकामागे घातला.

त्या दिवशी वहिनींनी हात आखडता घेतला नाही. एक थर लावला, वाळला, दुसरा लावला. मानेलाही लावला. निळसर छटा पाहून त्यांना क्षणभर शंका आली, पण नळीच्या दिव्याखाली चेहरा इतका स्वच्छ, इतका उजळ दिसत होता, आणि वर अशी तकाकी, की शंका घ्यायला मन धजेना. आता धुवावं म्हणून नळ सोडला, तर पाणी चेहऱ्यावरून थेंब थेंब होऊन घरंगळलं आणि चेहरा होता तसाच राहिला. त्या पुन्हा ओंजळ भरणार, तेवढ्यात बेल वाजली.

बेबीताई वेळेआधी आली होती. मालकांनी दार उघडलं, बॅग घेतली, तिला बसवलं आणि चहा टाकायला आत गेले. वहिनी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. हाच तो क्षण होता. त्या सावकाश चालत आल्या, पेला ठेवला आणि चेहरा उजेडात येईल अशा बेताने समोर बसल्या.

बेबीताई थबकली. तिने पाहिलं. पाहतच राहिली. वहिनींनी चेहरा आणखी थोडा उजेडाकडे केला.

"वहिनी," बेबीताई हलक्या आवाजात म्हणाली, "तुला थंडी वाजतेय का गं?"

वहिनींनी मानेनेच नाही म्हटलं. मानेलाही लावलं होतं, त्यामुळे खांद्यांसकट सगळ्या हलल्या.

"दादा, हिला डॉक्टरकडे नेलंस का? ओठ बघ, गाल बघ. निळी पडलीये ती. आणि तू खुशाल चहा काय टाकतोस?"

मालक धावत आले. त्यांना आता राहवेना. "अगं, चुकलं माझं," ते म्हणाले. "मी सांगणारच होतो तुला. पण एवढं मनाला लावून घेऊ नकोस. फ्रिजमधल्या एका बाटलीवरून कुणी असं अन्न-पाणी सोडतं का?"

"कसली बाटली?" बेबीताईने विचारलं.

मालक उत्तर देणार होते, पण त्यांची नजर वहिनींच्या गालावर गेली आणि तिथेच अडकली. ते जवळ आले. नवऱ्यासारखे नाही, लॉन्ड्रीवाल्यासारखे. त्यांनी मान तिरकी करून तकाकी पाहिली, बोटाच्या मागच्या बाजूने गाल चाचपला आणि नखाने हळूच वाजवला. टक् असा आवाज आला.

"ही खळ आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "माझी खळ आहे. किती छान बसलीये."

त्यांच्या आवाजात इतका खरा आनंद होता, की वहिनींना त्याही स्थितीत हसू आलं. हसू आलं आणि उजव्या गालाला तडा गेला. निळसर पांढरा एक पापुद्रा सुटून पाण्याच्या पेल्यात पडला आणि तरंगत राहिला.

बेबीताईने पेल्यात पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि उठून सरळ फ्रिज उघडला. खालच्या खणातल्या पालकाखाली तिचा हात गेला. त्या दिवशी दुकान बंद असल्यामुळे मालकांनी बाटली नेली नव्हती. तिने ती काढली, आणि ओट्यावरची वहिनींची रिकामी बाटली तिच्या शेजारी ठेवली. दोन सारख्या बाटल्या, दोन लाल दोरे. भरलेल्या बाटलीचं बूच उघडून तिने हुंगलं.

"तांदूळ, गुलाबपाणी. नीट आंबवलेलं," ती म्हणाली. धंद्यातली माणसं बोलतात तशी. "हे कुणाचं?"

वहिनींनी हात वर केला. मग जे काही झालं होतं ते मालकांच्या ध्यानात एकदम आलं. नॅपकिन का बसत होते, गुलाबाचा वास कुठून येत होता, सगळंच. ते मटकन खुर्चीवर बसले. "म्हणजे मी हे आठवडाभर नॅपकिनांना देतोय? हाताने बुडवून बुडवून?"

"हाताने?" बेबीताई म्हणाली. "बघू."

तिने भावाचे दोन्ही हात ओढून घेतले. सोड्याने खाल्लेले, इस्त्रीने भाजलेले, वर्षानुवर्षं भेगाळलेले ते हात. निदान वहिनींना तरी तसेच माहीत होते. बेबीताईने तळवे उलटेसुलटे केले, अंगठ्याने चोळून पाहिले, आणि तिचे डोळे मोठे झाले. भेगा भरल्या होत्या. तळवे लोण्यासारखे मऊ झाले होते.

"अय्या दादा," ती म्हणाली, "काय लावतोस रे?"

मालकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"काही नाही," ते लाजून म्हणाले. "हिचंच वापरतो."

"वहिनी, तूही लावत जा की गं असलं काहीतरी," बेबीताई मायेने म्हणाली.

वहिनींना यावर बरंच काही बोलायचं होतं. पण डाव्या गालाची खळ अजून सुटली नव्हती, म्हणून त्या मुकाट्याने गरम पाणी ठेवायला आत गेल्या.