ङातूवरचा रविवार

शनिवारी संध्याकाळी लोसालिनेबाईंनी बोटाने खळ चाचपली. खळ अजून ओली होती. तुतीची साल बडवून, कंदाच्या खळीने चिकटवून वर नक्षी रंगवून मुलींनी वर्षभरात पुरं केलेलं हे पहिलंच ङातू, म्हणजे सालीचं कापड. पंधरा हात लांब, चर्चमागच्या हिरवळीवर वाळत पसरलेलं; ओलं उचललं तर फाटणार. सोमवारी शिक्षण कार्यालयातून वाइमोआनाबाई तपासायला येणार होत्या. मुलींना काही येत नाही असं दिसलं, तर बाईंचा हा ङातूचा वर्ग बंद.

"उद्या सकाळी उचलू ना, मावशी," वर्गातली फिफिता म्हणाली.

"रविवारी? देवाचा वार आहे, बाळ. हातसुद्धा लावायचा नाही."

मागच्याच महिन्यात रविवारी साल बडवली म्हणून बाईंनी याच फिफिताला पाद्रीबाबांपुढे उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. एक गलेलठ्ठ डुक्कर ङातूचा कोपरा चघळत होतं. खळ त्याला भलतीच आवडलेली दिसत होती.

"मावशी, हाकलू?" फिफिता कुजबुजली.

"प्रार्थना चालू आहे."

"नक्षीतले दोन पक्षी खाऊन झाले. आता सुरूच्या झाडांवर आलंय."

बाईंनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. पुढचं स्तोत्र त्यांनी खिडकीकडे तोंड करून अशा काही पट्टीत सुरू केलं, की पाद्रीबाबा दचकले. डुकराने नुसते कान हलवले. पाद्रीबाबांनी वाकून बाहेर पाहिलं. डुक्कर त्यांचंच होतं. त्या दिवशी तासाभराचं प्रवचन दहा मिनिटांत आटोपलं.

माणसं धावली तसं डुक्कर पळालं आणि कुंपणापाशी जाऊन थांबलं. त्याला पकडून बांधणं म्हणजे काम. ङातू उचलणं म्हणजेही काम.

"मग बसणं?" फिफिताने विचारलं.

बाईंनी बराच विचार केला. बसणं काही काम नव्हतं.

बाई आणि अकरा मुली ङातूच्या कडेकडेने बसल्या. एरवी अर्ध्या तासात निमित्त काढून पळणाऱ्या पोरी जागच्या हलेनात, कारण एक हलली की डुक्कर दोन पावलं पुढे यायचं. मुलींच्या आयांनी जमिनीतल्या भट्टीत शिजलेलं जेवण तिथंच आणून दिलं. कंटाळून एकीने विचारलं, "मावशी, ही नक्षी कसली?" बाई सांगत गेल्या. अंधार पडला, डुक्कर घरी गेलं, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

सोमवारी कुरतडलेला कोपरा पाहून वाइमोआनाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इथं काय होतं?"

"दोन पक्षी. पंखांची टोकं मधोमध जुळायची," फिफिता म्हणाली. पुढच्या नक्ष्या बाकीच्यांनी धडाधड सांगितल्या.

"मागच्या खेपेला एकीचंही तोंड उघडत नव्हतं! कधी शिकवलंत हे?"

खरं सांगितलं तर रविवारचं काम कबूल होणार होतं. पण खोटं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. "काल," त्या म्हणाल्या.

वाइमोआनाबाईंचं पेन थबकलं. "काल रविवार होता."

पाद्रीबाबा खाकरले. "कालचा वर्ग माझ्या डुकराने घेतला. आणि ते आमच्या चर्चचं सभासद नाही."

वाइमोआनाबाईंनी शिक्षकसंख्येच्या रकान्यातला एकचा आकडा खोडला आणि तिथे दोनचा लिहिला.