भुरीच्या गळ्यातला लाल टॅग

आमच्या इमारतीत एक कुत्री गळ्यात लाल टॅग घालून फिरायची. कारखान्यात बंद मशीनला लावतात ना, तसला पत्र्याचा. एका बाजूला छापलेलं, 'दुरुस्ती चालू आहे.' दुसऱ्या बाजूला शेवाळे काकांच्या टपोऱ्या अक्षरात, 'खायला घालू नये. हुकमावरून.'

हुकूम अर्थातच काकांचा. बोईसरजवळ सरावलीला आमच्या तळमजल्यावर राहतात. विशीत साताऱ्याकडून आले आणि तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. आता निवृत्त झालेत, पण ते फक्त कागदावर. वीज गेली की म्हणणार, "ट्रिप झाली." दुपारी आडवं व्हायचं तर "शटडाऊन घेतो." बाजारात जाताना भुरीला माझ्याकडे सोडायचे, तेही रीतसर चार्ज देऊन. मी लाटणं हातात घेऊन दारात उभी आणि हे वही उघडून वाचतायत, "सकाळपाळी. पाणी दोन वाट्या. खाज सतरा वेळा, कानामागे जास्त. सही करा." मीही बावळट, पिठाच्या हातानं सही करायचे!

भुरीला खाज सुटली होती. पोटावरचे केस गेले, पंजे चाटून चाटून लाल झाले, बिचारीला झोप नाही. काकांनी आधी घरचे उपाय केले. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं आंघोळ, मग खोबरेल, मग हळदीचा लेप. हळदीनं भुरी आठ दिवस पिवळीधमक. शिवाय काकांचा लेंगा, जिन्याची भिंत आणि मी वाळत घातलेली पांढरी चादर. वॉचमन म्हणाला, "काका, इसकी शादी है क्या?"

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी तपासली आणि सांगितलं, ही खरूज नाही, कुणाला लागणार नाही. ॲलर्जी आहे, बहुधा खाण्यातली. पाल्याच्या पाण्यानं तिला बरं वाटेल, पण आधी काही आठवडे एकच साधं जेवण द्या, बाकी सगळं बंद.

काका एकदम खूश. "मी काय म्हणतो? आधी कारण, मग पाना!" हे त्यांचं पालुपद. गळती नळाची असो की नात्यातली, आधी कारण, मग पाना. त्याच दिवशी भुरीच्या गळ्यात टॅग आला आणि तिला भात, उकडलेलं अंडं, दुधी सुरू झालं. वहीत घासन् घास लिहिलेला.

महिना झाला, खाज जैसे थे. इमारतीत कुजबुज सुरू झाली, पोरांना काही झालं म्हणजे? डॉक्टरांचा कागद दाखवला तरी कुणी ऐकेना. मीटिंग झाली आणि ठरलं, महिनाअखेर कुत्री बरी झाली नाही तर तिला दुसरीकडे हलवायचं. सेक्रेटरी मी. नोटीस मीच टाइप केली आणि मेलीनं मीच नेऊन दिली.

काकांनी ती दोनदा वाचली आणि वहीत चिकटवली. "मान्य," म्हणाले. "कुणीतरी टॅग मोडतंय. पकडतो मी."

मग काय विचारता! वॉचमनच्या डब्याची झडती झाली. शाळेतून येणाऱ्या पोरांचे खिसे चाचपून झाले. एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडे चहाबरोबर टोस्ट असतात." असा संताप आला मला! चार दिवस मी सही केली नाही.

बुधवारी बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घ्यायला गेले. आमच्याकडच्या किनाऱ्यावरच्या माहीमची हिराबाई तिथं सुकी मासळी घेऊन बसते. बोंबील निवडता निवडता ती म्हणाली, "तुमचे शेवाळे काका बरे हायत ना? काकी जाऊन दोन वरसं झाली, तरी जवला दोगांचा नेतात. मी बोलले, थोडा कमी नेवा. तर बोलले, नाय, आमी दोगं जेवतो."

जवला म्हणजे बारीक सुकी कोलंबी. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोंबील तिथंच विसरले.

काका सातच्या ठोक्याला जेवतात. मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. जमिनीवर दोन ताटल्या. टॅग खिळ्याला अडकवलेला. काका कोरडा भाजलेला जवला चिमटीनं भुरीच्या भातावर पसरत होते.

"काका! हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? जेवतोय."

"आणि जवला वहीत कुठं लिहिता?"

त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे खायला घालणं नव्हे हो. हे सोबत जेवणं आहे." मग हळूच म्हणाले, "ही गेल्यावर मला घासच उतरेना. भुरी समोर येऊन बसली. तिला एक घास, मला एक, असं करत जेवायला लागलो. ते कशाला लिहायचं?"

त्यांनी खिळ्यावरचा टॅग काढून हातात घेतला. "म्हणजे टॅग मीच मोडला की."

मला रडू आवरेना. भुरीला घराबाहेर काढायची नोटीस देणारी बया मीच!

जवला बंद झाला. नोटिशीची मुदत मी परस्पर वाढवली, सेक्रेटरीपदाचा तेवढा तरी उपयोग. हळूहळू वहीतली खाज सतरावरून नऊवर, नवावरून दोनवर आली. पोटावर मऊ लव उगवली. डॉक्टर म्हणाले, जवलाच होता; रोजचं खाणंही कधीतरी बाधायला लागतं. भुरी दुपारभर घोरू लागली आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. मी नोटीस फाडायला निघाले तर काका ओरडले, "रेकॉर्ड आहे ते!" त्यांनी नोटिशीवर 'काम पूर्ण' असं लिहून माझी सही घेतली.

परवा सात वाजता सहज डोकावले. दोन ताटल्या. दोन्हींत भात, अंडं, दुधी. मीठ नाही, मिरची नाही.

"अहो काका, तुम्ही तरी मीठ घ्या!"

"तिला बेचव आणि मला चमचमीत? मग सोबत कसली?"

मी वर जाऊन माझं ताट घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी बसले. काकांनी मलाही तोच भात वाढला. अगदीच अळणी होता. मी दोनदा मागून घेतला.