नाना शिरसाठांच्या मुक्कामी गाड्या

आमच्या शेजारचे नाना शिरसाठ मेलेल्या किड्याला मेला म्हणत नाहीत. 'उशिरा धावतोय' म्हणतात.

पहाटे मी पहिल्या पाळीला निघालेलो असतो. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट, डोळे अजून अर्धे मिटलेले. तेवढ्यात भिंतीवरून नानांचं डोकं वर येतं. "संजय, शेवगाव उशिरा धावतीये रे." मी म्हणतो, "अरेरे. कधीपासून?" "राती जेवली न्हाई. सकाळी बघतो तर उताणी." मग एमआयडीसीच्या रस्त्याला लागल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडतो, की आपण आत्ता एका झुरळाच्या मयतीला गेल्यासारखं तोंड केलं होतं. हद्द झाली, पण रोज काय काय म्हणून चिडायचं? मी थकलोय हो.

नाना एसटीत कंट्रोलर होते. नगरच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागून 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी' असा जो भारदस्त आवाज यायचा, तो या माणसाचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या सोडण्यात गेला. मूलबाळ नाही. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत काकू गेल्या. अशा वेळी माणसं भजनाला बसतात, नाहीतर बागेत जाऊन टाळ्या वाजवत हसतात. नानांनी किडे पाळले. पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून एक डबी आणली, मग दुसरी, आणि आता पुढच्या खोलीत पाय ठेवायचा म्हणजे आधी विचारावं लागतं.

वाळक्या काटकीसारखे दिसणारे काडीकिडे आहेत. मादागास्करची झुरळं आहेत, डिवचली की फुस्स करतात. एक आफ्रिकेचा वाणी आहे, तोच तो शेकडो पायांचा किडा, करंगळीएवढा जाड, आणि इतका शांत की आमच्या सोसायटीच्या मीटिंगला त्यालाच अध्यक्ष करावं. आणि सगळ्यांना नावं गाड्यांची. पाथर्डी, जामखेड, श्रीगोंदा, शेवगाव. कुणी कात टाकायला लागला की 'वर्कशॉपला गेलाय.' कुणी जास्त खाल्लं की 'डिझेल लई पिती.' अंडी घातली की 'रिझर्वेशन झालं.' मोठ्या काडीकिड्यांत तर नाना म्हणतात नराची गरजच पडत नाही, माद्याच अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. हे सांगताना नाना फार खूश असतात. "विनावाहक गाडी हाय ही, संजय. कंडक्टर न्हाई, पन पोचती बरूबर."

ऐकायला गंमत वाटते ना? शेजारी राहून बघा.

माझ्या अंगणात पेरूचं झाड आहे. माझ्या नळाच्या पाण्यावर वाढलेलं. पण त्या काडीकिड्यांना पेरूचा पाला लागतो. नाना रोज कात्री घेऊन येतात, 'जरा डिझेल भरतो' म्हणतात आणि झाड भादरून जातात. बोडक्या झाडाकडे बघून लोक विचारतात, कीड लागली का? हो, म्हणतो, पण ती शेजारी राहते.

धुरानं किडे मरतात, म्हणून आमच्या घरी उदबत्ती बंद. कॉइल बंद. प्लगला लावायची ती बाटलीसुद्धा बंद. गणपतीत कापूर आम्ही गच्चीवर जाऊन पेटवतो. गणपती खाली, आरती वर. डास मात्र आमच्याकडे कायमचे मुक्कामी. रात्रभर फोडून काढतात आणि मी सकाळी मशीनसमोर उभ्या उभ्या पेंगतो. एकदा मी वैतागून कॉइल लावलीच. नाना भांडले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. त्यांनी आपल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि भर मे महिन्यात आत बसून राहिले. माझी बायको सुनीता म्हणाली, "अहो, विझवा ती, म्हातारा उकडून मरेल." विझवली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. बाकीच्या गाड्या येतात-जातात. जामखेड गेली तर तिची जागा महिनोन्महिने रिकामी राहते. पुणतांबा मात्र कायम असते. पुणतांबा म्हणजे मोठ्या काडीकिड्यांतली एक मादी. ती गेली की तिला काडेपेटीत ठेवून नाना 'उशिरा धावतीये' म्हणणार आणि त्याच दिवशी तिच्या पुढच्या लेकीला पुणतांबा म्हणायला लागणार. का, ते विचारलं तर, "ती गाडी चुकवायची न्हाई," एवढंच.

यंदाच्या उन्हाळ्यानं घात केला. मोठ्या जातीच्या सगळ्या एकेक करून गेल्या, अंडी कोरडी पडली. उरली एकटी पुणतांबा. तीही अजून पोर. तिनं शेवटची कात नीट टाकली तर ती अंडी घालणार आणि पुढची पुणतांबा होणार. नाहीतर संपलंच. नाना दिवसातून दहादा तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि मला भिंतीवरून बातमी द्यायचे. मी हूं हूं करायचो.

आणि परवा संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी डासांच्या धुराची गाडी आली.

खरं सांगू? कॉलनीत डेंग्यूचे पेशंट निघाले होते, माझे हातपाय चावून चावून लाल झाले होते. मला त्या धुरवाल्याला हार घालावासा वाटला. एरवी अशा वेळी नाना सगळे डबे पिशव्यांत भरतात आणि धूर बसेपर्यंत आम्ही भिंगारच्या पुढं मोकळ्यावर जाऊन थांबतो. स्कूटर माझी, ड्रायव्हर अर्थात मीच. मी चावी शोधायला लागलो, तर नाना बनियनवरच धावत आले. चेहरा पांढराफटक.

"संजय, पुणतांबा वर्कशॉपला हाय."

"मग तिचं कपाटच उचला की. मी धरतो एका बाजूनं."

"आरं, उलटी टांगलीये. अर्धी भायेर, अर्धी आत. धक्का लागला की पडंल. पडली की संपली."

तोपर्यंत ते मशीन भर्र करत आमच्या फाटकापाशी आलं. नाना आडवे उभे राहिले. घाबरले असतील म्हणा किंवा सवय म्हणा, पण तोंडातून बाहेर पडला तो थेट स्टँडवरचा आवाज. "कृपया इकडे लक्ष द्यावे. धुराची गाडी या दोन घरांना थांबणार नाही. विनाथांबा पुढे जाईल."

धुरवाल्यानं मशीन बंद केलं. "काय म्हन्ता, आजोबा?"

आता यांना वेड्यात काढणार, म्हणून मीच पुढं झालो. "अहो, यांच्याकडे पाहुण्या आल्यात. पुणतांब्याच्या. दमा आहे त्यांना. धूर अजिबात चालत नाही." इतकं सफाईनं खोटं मी लग्न जमवतानाही बोललो नव्हतो. धुरवाला म्हणाला, "मग आधी सांगायचं ना," आणि पुढच्या घराकडे वळला.

सुनीतानं आमच्या धुतलेल्या चादरी ओल्या करून दिल्या. नवीन होत्या बिचाऱ्या. आम्ही त्या नानांच्या दाराखिडक्यांच्या फटींत कोंबल्या. आमचं घर उघडंच होतं, तिकडे बघायला सुनीता गेली. मी नानांबरोबर आत थांबलो.

पुणतांबा काकूंच्या जुन्या जाळीच्या कपाटात राहायची. पूर्वी त्यात दूध, लोणी असायचं. ती वरच्या जाळीला उलटी लोंबत होती. जुन्या कातीतून एकेक पाय ओढून काढत होती, हिरवागार, ओला, दोऱ्यासारखा बारीक. बाहेर मशीनचा आवाज लांब गेला. धुराचा वास आत आला नाही. मीही श्वास धरून उभा होतो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. एक पाय निघाला. दुसरा निघाला. मागचा अडकला. तिनं खूप ओढलं. मग ती पडली.

नानांनी तिला तळहातावर घेतलं आणि ते खाली सतरंजीवर टेकले. थोडा वेळ पाय हलले, मग थांबले. मी वाट बघत होतो, आता नेहमीचं वाक्य येईल. आलं नाही.

"पुणतांबा म्हंजे तुझ्या काकूचं माहेर," नाना म्हणाले. भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही. "सासूबाई लई आजारी हुत्या. ही पिशवी भरून स्टँडवर आली. माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली हुती. पावसाचे दिस. पुलावरनं पानी चाललंय, असा निरोप आला. मग काय, मलाच म्हनावं लागलं माइकवरनं. पुणतांब्याला जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे."

"मग?"

"मग काय. लई वेळ बसूनच हुती. मग उठून खिडकीशी आली. म्हनली, मी घरी जाते, भाकरी टाकून ठेवते."

"आणि सासूबाई?"

"पुलावरचं पानी उतरंपर्यंत थांबल्या न्हाईत."

"काकू काही बोलल्या नाहीत?"

"कवाच न्हाई. चांगली भांडली असती तर बरं झालं असतं." नानांनी तळहात जरा वर केला. "आता ही शेवटचीच हुती. मागं कुनी न्हाई. आता म्हनावंच लागतं. पुणतांबा..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. इतकी वर्षं माझं डोकं उठवणारा हा माणूस, पण त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की काय करावं सुचेना. त्यांना 'रद्द' हा शब्द पुन्हा म्हणू द्यायचा नाही, एवढंच मला कळत होतं.

"नाना," मी म्हणालो, "पुणतांबा उशिरा धावतीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. थट्टा करतोय का, ते बघत असावेत.

"उशिरा?"

"उशिरा."

नानांनी सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली.

"मग बसू थोडं," म्हणाले.

सकाळी पहिली पाळी होती. मी बसलो.