हामरविकच्या मैदानी एका गोलाची हकीगत

श्री. फेरो राज्य, बेटे अठरा, माणसे थोडी, मेंढरे त्यांहून बहुत, आणि वारा तर मोजदादीपलीकडे. त्या राज्याच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल फौजेने हामरविक मुक्कामी जो पराक्रम केला, तो यथास्थित लिहून ठेवावा, पुढील पिढ्यांनी आम्हांस अगदीच नादान समजू नये, या हेतूने हे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. लाज वाटावी असेही काही गाळले नाही.

फौजेचे सरलष्कर हानुस. सकाळी मासळीच्या कारखान्यात कॉड मासे कापणार आणि दुपारी त्याच हातांनी पोरे घडवणार, अंगी नक्षीदार लोकरी स्वेटर, ज्यास मासळीचा वास कायमचा बहाल. या फौजेने दोन हंगामांत एकही गोल केला नव्हता. खाल्लेले गोल मोजण्याचा रिवाज आमच्या मुलखात नाही. मग फुटबॉल मंडळाच्या अध्यक्षांचे फर्मान आले की, खंडावरील बड्या राज्याची फौज हंगामाच्या अखेरच्या सामन्यास येत आहे, त्यात आपला एक तरी गोल व्हावा. न झाल्यास सरलष्करी काढून परमुलखीच्या शिक्षकास देण्यात येईल. हे ऐकून हानुस यांस अन्न गोड लागेना. ही पोरे चिमुरडी असता त्यांच्या बुटांच्या नाड्या त्यांनीच बांधल्या होत्या, आणि ती आता दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे त्यांच्याने सोसवेना.

मग लढाईचा दिवस उगवला. राजधानीचे मैदान दुरुस्तीस काढलेले, सबब हामरविकचे समुद्रकाठचे मैदान मुक्रर जाहले. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दर्या, आणि चेंडू पाण्यात गेला तर काढावयास आमचे आरमार, म्हणजे हानुस यांची आत्या सुन्नीव्हा आणि तिची वल्ह्यांची होडी, जय्यत तयार. शत्रू दोन बसगाड्यांतून उतरला, एकेक गडी ताडमाड. आमच्या गोटातून वाळवलेल्या मटणाचा दर्प सुटला, तेव्हा त्यांच्या आघाडीचे दोघे नाके धरून मागे सरले. ही पहिली सरशी आमची, हे आग्रहाने नोंदवितो.

दुसरी सरशी लवकर जाहली नाही. शत्रूने एकामागून एक आठ गोल केले, आणि आमचा गोलरक्षक प्रत्येक वेळी जाळ्यातून चेंडू काढून असा अदबीने परत देई की, जणू पाहुण्यांची छत्री विसरली होती. तेव्हा होडीतून आत्या ओरडली, "अरे हानुस, पोराला सांग, पाहुणे आले म्हणून दार सताड उघडं ठेवायचं नसतं!"

"आत्या, तू वल्ही सांभाळ!" हानुस खेकसले, पण आवाजात दम नव्हता.

सामना सरत आला असता शत्रूचा एक गडी मेंढीच्या लेंड्यांवरून घसरला, आणि पडता पडता आपल्याच गोलासमोर त्याचा हात चेंडूस लागला, आणि पंचांनी आम्हांस पेनल्टी बहाल केली. येणेप्रमाणे मेंढरांनीही राज्याची सेवा केली.

पेनल्टी मारणार आमचा कप्तान ट्रोन्दुर. परंतु वारा असा मातला की चेंडू जागी ठरेना. तेव्हा मुलखाच्या रिवाजाप्रमाणे बार्दुर नामे बचावाचा गडी चिखलात पालथा पडला आणि एका बोटाने चेंडू धरून राहिला. परमुलखीचे पंच घाबरून धावत आले, की गडी बेशुद्ध जाहला.

"काही झालं नाही साहेब," ट्रोन्दुर म्हणाला, "आमच्याकडे असंच असतं."

"ट्रोन्दुर," बार्दुर खालून म्हणाला, "हे माझं बोट आहे हं. चेंडू त्याच्या शेजारी आहे."

आता आमच्या बेटांवर पोर चालू लागले की पहिले हेच शिकते की, चेंडू गोलात मारू नये, गोलाच्या बाहेर मारावा, वारा त्यास आत आणून सोडतो. ट्रोन्दुरने त्या विद्येस अनुसरून खांबाच्या चांगला चार हात डावीकडे नेम धरला आणि सणसणीत लाथ मारली. आणि त्याच घटकेस वारा पडला. मेला, पिढ्यान्‌पिढ्या न पडलेला वारा तेव्हाच पडला! चेंडू नेमलेल्या जागी, म्हणजे थेट दर्यात गेला. आरमाराने तो काढून परत फेकला.

हानुस बाकावर मटकन बसले. "सगळं शिकवलं पोरांना," ते स्वतःशीच म्हणाले, "सरळ मारायला तेवढं शिकवलं नाही."

मग शत्रूच्या गोलरक्षकाने चेंडू आपल्या गोलासमोर ठेवून लाथेने आभाळात भिरकावला, आणि इकडे वारा पुन्हा उठला, आणि चेंडू वर थबकला, मागे फिरला, आणि मारणाऱ्याच्याच डोक्यावरून त्याच्याच जाळ्यात शिरला. नौबत झडली, म्हणजे मोटारींत बसून सामना पाहणाऱ्या रयतेने भोंगे वाजवले. हानुस यांनी आनंदाच्या भरात शत्रूच्या सरलष्करास मिठी मारली. इतक्यात पंचांचा निवाडा आला की, बाहेर गेलेला चेंडू पुन्हा खेळात आणताना थेट स्वतःवरच केलेला गोल धरता येत नाही, आम्हांस फक्त कॉर्नर मिळेल. भोंगे एकेक करून गप्प जाहले. मिठी सोडवणे हानुस यांस बहुत जड गेले.

कोपऱ्यावर चेंडू पुन्हा ठरेना. बार्दुर न सांगता पुन्हा पालथा पडला. हानुस रेघेपाशी धावले आणि घसा फोडून हुकूम केला, "ट्रोन्दुर, गोल बघू नकोस! वारा बघ!"

ट्रोन्दुरने गोलाकडे पाठ केल्यागत चेंडू मैदानाच्या मध्याकडे मारला. शत्रूच्या बाकावर हशा पिकला. वाऱ्याने चेंडू उचलला, वळवला, ताडमाड गड्यांच्या डोक्यांवरून नेला, आणि लांबच्या खांबास लागून तो आत पडला. अवघा मुलूख पंचांच्या तोंडाकडे पाहत राहिला. पंचांनी मैदानाच्या मध्याकडे हात केला, म्हणजे गोल कबूल केला, तेव्हा भोंगे असे उसळले की डोंगरावरची मेंढरे पळाली.

"माझं बोट मोडलं!" बार्दुर बोंबलला.

"कुठलं रे?"

"चेंडू धरलेलं!"

"मग मोडू दे!" म्हणत ट्रोन्दुरने त्यास उठवून छातीशी धरले. सामना संपताच पोरांनी हातात हात धरून फेर धरला आणि पाय आपटीत आजोबांच्या काळची गाणी म्हटली. जिंकलेली फौज मुकाट बसगाड्यांत चढली. अध्यक्षांनी सरलष्करी हानुस यांचेकडे कायम केली, आणि हानुस होडीपाशी जाऊन तोंड फिरवून उभे राहिले.

"रडतोस काय?" आत्या म्हणाली.

"छे. वारा लागला डोळ्यांना."

"वारा मघाच पडलाय, बाळा."

येणेप्रमाणे हामरविकची फत्ते जाहली. आमचा गोल एक, शत्रूचे आठ. त्या आठांचे कर्ते कोण, हे मुलखात कोणासही स्मरत नाही. बार्दुरचे बोट वाकडे जुळले, आणि तो ते मागितल्याशिवायही दाखवितो.