ओवलेला वाघ

पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याचं रबर तटकन तुटलं आणि शिवपुत्रनं गठ्ठा दोन्ही हातांनी दाबून धरला. क्रम हलला की वाघ मेला!

पुण्यात तो ज्या कचेरीत होता, तिथं एक कपाटाएवढा कॉम्प्युटर होता. भोकं पाडलेले पुठ्ठे गिळायचा आणि उत्तर कागदावर छापायचा. कामाचे तास संपले की शिवपुत्र त्याला वाघ-बकरी शिकवायचा. देवळाच्या पायरीवर खडूनं आखून खेळतात, तीच. वाघ यंत्राचा, बकऱ्या माणसाच्या. पहिला वाघ जागचा हललाच नाही. दुसरा पटाबाहेर गेला तो गेलाच. तिसऱ्यानं एका उडीत सगळा कळप फस्त केला. साहेब म्हणाले होते, "सोमवारी शेवटचं बघतो. नाही जमलं तर हे खूळ बंद!"

चुका शोधायला म्हणून चौथा वाघ, म्हणजे हा गठ्ठा, त्यानं गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत गावी घरी आणला होता.

"अव्वा, नव्या पेठेतनं रबर घेऊन येतो. तवर हे सांभाळ. एक बी पुठ्ठा मागंपुढं व्हायला नको."

"जा की! मला काय पुठ्ठं नवं हाईत व्हय?" त्याची आई चंद्रव्वा म्हणाली.

नवे कुठले? चादरीच्या मागाला नक्षी सांगणारे पुठ्ठे ओवण्यातच तिचा जन्म गेला होता. भोकाभोकांचे पुठ्ठे दोऱ्यात ओवून त्यांची लांबच लांब माळ करायची, म्हणजे क्रम जन्मात हलत नाही.

शिवपुत्र रबर घेऊन परतला, तर खुंटीपासून खिडकीपर्यंत त्याचा वाघ लोंबत होता. चंद्रव्वा शेवटची गाठ मारत गुणगुणत होती,

"सुटी फुलं भुईपाशी, दोऱ्यातली देवापाशी..."

"अव्वा! काय केलंस हे?"

"सांभाळलं. तूच म्हनलास न्हवं?"

"अगं, पन भोकं पाडलीस की!"

"आता गं बया! तुज्या पुठ्ठ्याला काय कमी भोकं हुती? माजीच तेवढी जड झाली?"

तेवढ्यात शेजारचा कल्लप्पा आत आला. त्याचे घरचे माग होते. माळ उजेडात धरून त्यानं मान वाकडी केली.

"शिवा, चादरीवर काय उठणार रं ह्यातनं?"

"वाघ," शिवपुत्र कपाळाला हात लावून म्हणाला.

"वाघ? कुटं दिसंना. शेपूट तर कुटंच न्हाय."

"चादर न्हाय ओ मामा, खेळ हाय!"

"खेळ हाय, मग पुठ्ठं कशाला?" असं म्हणून कल्लप्पा माळेत शेपूट शोधत बसला.

पुण्याला गेल्यावर शिवपुत्रनं दोरा कापला आणि आईची भोकं बुजवायला एकेका पुठ्ठ्यावर कागदाचे कपटे चिकटवत बसला. "चौकोनी माझं, गोल अव्वाचं... गोल अव्वाचं, चौकोनी माझं..." शेवटी डोळ्यांपुढे सगळंच गोल दिसायला लागलं. मग छिद्रं पाडणाऱ्या यंत्रावर त्यानं साऱ्या गठ्ठ्याची नवी नक्कल काढली. काय राहिलं, काय बुजलं, त्याचं त्यालाच उमजेना.

सोमवारी साहेब बसले. यंत्र घरघरलं. साहेबांनी बकरी पुढं सरकवली. वाघ एक घर मागं सरला! साहेबांनी दुसरी सरकवली. वाघ आणखी मागं. मग अवचित एक उडी, एक बकरी गट्ट, आणि पुन्हा कोपऱ्यात. शिवपुत्र वाकून छापलेला कागद पुन्हा पुन्हा बघू लागला. असा वाघ त्यानं लिहिलाच नव्हता.

शेवटी वाघ कोंडला आणि साहेब खुर्चीतून उठले.

"जिंकलो! अरे, जिंकलो मी! पुन्हा लाव!"

दुपारपर्यंत खेळायला दारात रांग लागली.

"वाघाला असं भ्यायला कसं शिकवलंस रे?" साहेबांनी विचारलं.

"ते... घरचंच आहे, साहेब," शिवपुत्र म्हणाला.

"आता याला हात लावू नकोस. पुढचा खेळ आण," साहेब म्हणाले.

पुढच्या खेपेला घरी येताच त्यानं ताज्या भोकांचा नवा गठ्ठा आईपुढं ठेवला.

"अव्वा, ओव."

चंद्रव्वानं सुईत दोरा घालता घालता वर बघितलं. "आता मागनं वरडणार न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

कल्लप्पा दारातून डोकावला. "ह्या डावाला तरी वाघ दिसंल का रं चादरीवर?"

शिवपुत्र माळेचं टोक धरून बसला होता.

"न्हाय मामा," तो म्हणाला, "ह्या डावाला बकऱ्या हाईत."