गिटारीची मान आणि देवरे काका

देवरे काका आमच्याकडे आले की आधी खुर्ची उलटी करून बघतात, मग बसतात. सत्यनारायणाला आले तेव्हा त्या खुर्चीवर माझी आत्या बसली होती. तिला अदबीनं उठवून काकांनी खुर्ची पालथी घातली, पाय हलवले आणि भरल्या घरात निकाल दिला, "याला आधार पाहिजे!" दुसऱ्या दिवशी येऊन लोखंडी पट्ट्या ठोकून गेले. आता त्या खुर्चीवर हत्ती बसेल, पण ती आम्हाला उचलवत नाही.

काका मूळचे कळवणकडचे. नोकरी मनमाडला, रेल्वेच्या कारखान्यात झाली. निवृत्तीनंतर पंचवटीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. भाजीबाजारात ते भाव विचारण्याआधी हातगाडीचं चाक हलवून बघतात. "लय ढिलं हे, भाऊ." भाजीवाले हल्ली त्यांना लांबून बघूनच कोथिंबिरीची जुडी पुढे करतात आणि वाटेला लावतात.

काकू भजनी मंडळात गायच्या. सकाळी त्यांचा आवाज जिन्यातून वर यायचा. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. बरेच महिने खालच्या घरातून फक्त काकांची ठोकाठोक ऐकू येई. एक दिवस काकू कॉलेज रोडच्या क्लासला नाव घालून आल्या, खांद्यावर गिटार.

"गळ्यानं नाही, तर बोटांनी," माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या.

ती गिटार उन्हाळ्यात बिघडली. तारा मानेला सारख्या ओढत असतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात मान आणि धड यांचा जोड सुटला, मान वाकली, तारा लोंबल्या. काकूंनी ती पिशवीत घालून कपाटावर टाकली आणि पुन्हा गप्प झाल्या.

काकांना ते बघवेना. "मी करतो नवी. जन्मभर रेल्वेचे पूल जोडले मी!"

गच्चीवरच्या खोलीत काम सुरू झालं. मानेच्या बुडाला लाकडाची जीभ, धडात तेवढीच खाच, आतून दोन बोल्ट. लाकडाच्या उभ्या रेषांत बोल्टची पकड सुटते, म्हणून जिभेत आडवी शिसवी खुंटी. इथवर ठीक होतं. पण मग खुंटीला आधार म्हणून सागवानी ठोकळा आला, ठोकळ्याला आधार म्हणून मानेत जाड पोलादी पट्टी.

"काका, गिटार आहे, पूल नाही," मी म्हटलं.

"पूल पडला तर दुसरा बांधता येतो, पोरी," ते पट्टी घासत म्हणाले. "ही परत गप्प बसायला नाय पाहिजे."

गिटार झाली. तारा ताणून कितीतरी दिवस ठेवली, जोडात केसाएवढी फट पडली नाही. काकूंनी कौतुकानं मांडीवर घेतली, आणि मान धाडकन जमिनीकडे झुकली. पोलादाचं ओझं! डावा हात तिला सावरण्यातच गुंतला, तारा कोण दाबणार?

काकांचा चेहरा पडला. "दे इकडं. खोलतो. हलकी मान बसवतो."

काकूंनी गिटार सोडली नाही. पायानं शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. काका त्यावर टेकले, गिटारीच्या टोकाखाली त्यांनी तळहात धरला, आणि काकूंनी अडखळत एक भजन वाजवलं. स्टूल हलत होतं. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. वाजवतात काकू, हात भरून येतो काकांचा.

परवा गच्चीवर पापड वाळत घालायला गेले, तर खोलीत दुसरी मान टांगलेली दिसली. सडपातळ, पॉलिश केलेली, उचलली तर पिसासारखी.

"काका, ही तर तयार आहे!"

"पॉलिश ओलं हे अजून," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सुकू दे."

"काकू म्हणत होत्या, दिवाळीपासून सुकतंय."

काका चपापले. "ती म्हणाली?"

तेवढ्यात जिन्यातून टक टक आलं. काकूंना हाक मारता येत नाही. त्या गिटारीच्या पोटावर बोटं वाजवतात.

काकांनी नव्या मानेवर फडकं पांघरलं, हात पुसले आणि घाईघाईनं खाली गेले.